खालच्या अंगाचं फाटक

कॅम्प, अरुणाचल
८ जून

आत्या,
जयभीम.

अन् फाटकाच्या चावीचं काय झालं ते तू अजून सांगतलं नाही. सावनेरच्या स्टँडवर मी बसमध्ये चढून राहिलो होतो तवाही विचारलं, तं तू म्हणे, "पाहू." पाहू म्हणजे काय वं आत्या? पाहू म्हणजे चार दिवसांत तू चावी नदीवरच्या लहानूच्या हातात देशीन, अन् मग नदीकाठची ती पाचही घरं पहिल्यासारखी आपल्या आंगणातून सायकली काढतीन. मी आपली सगळी सुट्टी खड्डे खोदण्यात घातली. हाताले फोड आले. तू भाकर वाढली, पण एक खांब धरायले आली नाही.

फोनवर तुले ऐकू येत नाही. नुसती "जेवला का, जेवला का" करते अन् ठेवून देते. इथं बोगद्याच्या कामावर रेंजही भेटत नाही. म्हणून लिहून राहिलो. अक्षर लागलं नाही तं दोनदा वाच. आठवी नापास पोट्ट्याचं अक्षर आहे.

मी हे काहून केलं ते पुन्हा सांगतो. इथं दर सोमवारी सेफ्टीवाले साहेब आम्हाले उभं करून शिकवते. डोंगर घसरला तं कुठं पळायचं, शिट्टी कोणी वाजवायची, कोणी कोणाले मोजायचं. पहिल्या दिवशी मले हासू आलं होतं. मग एक दिवस खरंच वरून दगड आले. आम्ही शिकवल्यासारखे पळालो अन् कोणाले खरचटलंही नाही. तवापासून डोळे मिटले का तूच दिसते. दीड एकर वावर, तेही नदीच्या उतरणीवर. घरात एकटी बाई, कान गेलेले. जानेवारीत विहिरीवरची मोटर चोरीले गेली, तं तुले सकाळी माहीत पडलं. उद्या काही झालं तं? आई-बाप गेल्यावर तूच मले वाढवलं. मले दुसरं कोण आहे?

म्हणून पेटी मचाणावर ठेवली. तिच्यात सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, टॉर्च, तांदूळ अन् तुझ्या बीपीच्या गोळ्या आहेत. त्यातलं काही काढायचं नाही. लिंबाखाली 'असेम्ब्ली पॉइंट' असा बोर्ड लावून देल्ला, म्हणजे गडबडीत तिथंच जाऊन उभं राहायचं. गळ्यात शिट्टी देल्ली. अन् चारी बाजूंनी काटेरी तार. साहेब म्हणते, ज्या जागेत कोणीही घुसते ती जागा सेफ नाही. खालच्या अंगाचं फाटक बंदच ठेवजो. कुलूप मी चांगल्यातलं आणलं आहे.

तुझा
प्रशिक


खापा
२६ जून

चि. प्रशिकले आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. दोनदा नाही, तीनदा वाचलं. चावी माझ्या कमरेले आहे. लहानूभाऊनं मागतली नाही, मी देल्ली नाही. झालं समाधान?

शिट्टी चांगली आहे. मले ऐकू येत नाही, पण बकऱ्या येतात. बोर्डाखाली बोकड बसून राहते, त्याले वाचता येते वाटते. पेटीतले तांदूळ मी काढले, त्याले सोंडे लागले होते. ओरडू नको, दुसरे भरले.

पण मी हासत लिहून राहिली असं समजू नको. काल बोरिंगवर पाणी भरायले गेली, तं लहानूभाऊची प्रीती उभी होती. मले पाहून तिनं आपला गुंड मागं घेतला अन् म्हणे, "आधी तुम्ही भरा." अरे, ती पोट्टी माझ्या मांडीवर शेंबूड पुसत वाढली. ती मले कधी तुम्ही म्हणत नव्हती. तिनं शिवी देल्ली असती तं परवडलं असतं. मी अर्धाच गुंड भरून घरी आली.

ते लोक आता नाल्यातून फिरून रस्त्याले लागतात. उन्हाळ्यात ठीक होतं. नाल्याले पाणी आल्यावर कसं?

मोटर त्यायनं नेली असं तुझ्या डोक्यात बसलं आहे. मोटर नेणारे ट्रॅक्टर घेऊन आले होते, वरच्या रस्त्यानं. चाकं मी पाहिली. लहानूभाऊजवळ एक डोंगा अन् दोन जाळी आहेत.

एक गोष्ट तुले कधी सांगतली नाही, कारण तुझ्या बापाले ती काढलेली आवडत नव्हती. तुझ्या आज्यानं हे वावर घेतलं तवा वरच्या वावराचे मालक आपल्याले धुऱ्या-बांधावरून येऊ देत नव्हते. काहून येऊ देत नव्हते ते तुले सांगायची गरज नाही. पहिल्या वर्षी बियाणं, वखर, अन् आम्ही लेकरं, सगळे लहानूभाऊच्या बापाच्या डोंग्यातून नदीकडून आलो. त्या माणसानं पैसा घेतला नाही. म्हणे, "नदी काय माझ्या बापाची आहे काय?" मग माझ्या बाबांनी आपल्याच वावरातून खालून वर अशी वाट सोडली अन् म्हणाले, या वाटेवर कोणाले थांबवायचं नाही. त्याचा कागद नाही. म्हणून तुले पेटीत ठेवायले भेटला नाही.

नदीची चिंता करू नको. पाणी चढलं का कोणी ना कोणी येऊनच जाते मले सांगायले.

मले तुझा राग आहे, पण काळजीही समजते. जेवत जा. अन् हे काम तरी सोडू नको. बुटीबोरी सोडली, सुरत सोडलं, हैदराबादहून तं तू चपला सोडून पळाला होता.

तुझी
आत्या


कॅम्प
१५ जुलै

आत्या,
जयभीम.

रस्ता खचला होता म्हणून टपालाचा ट्रक अडकला. पत्र काल भेटलं.

आज्याची गोष्ट वाचली. पण ते दिवस वेगळे होते. आता सातबारा आपल्या नावावर आहे. आपल्या जागेत कोणी यायचं अन् कोणी नाही ते आपण ठरवायचं. हे आज्याले जमलं नाही, बापाले जमलं नाही, मले जमलं. तं तुले त्याचा आनंद काहून होत नाही?

"कोणी ना कोणी येऊन जाते" असं तू लिहिलं. हे वाचून मी कपाळाले हात लावला. कोणी ना कोणी म्हणजे कोण? त्याचं नाव काय, त्याची ड्यूटी किती ते किती? इथं असं बोललो तं साहेब मले बाहेर काढून देईन. दुसऱ्याच्या भरवशावर सेफ्टी राहत नाही. मी पुढच्या सुट्टीत फिरता लाल लाइट आणतो, तो तुले झोपेतही डोळ्यावर दिसेन.

अन् नाल्याचं काय घेऊन बसली? मासोळ्या मारणाऱ्या लोकायले पाण्याची काय भीती? त्यायचा तं तोच धंदा आहे. चार दिवस फिरून जातीन.

प्रीती तुम्ही म्हणते तं म्हणू दे. मान देऊन राहिली समज.

एक पक्कं लक्षात ठेवजो. तू फाटक उघडलं असं मले माहीत पडलं, तं त्याच दिवशी बॅग उचलून मी घरी येतो. काम गेलं तं गेलं. मग पुन्हा म्हणू नको का प्रशिक कुठं टिकत नाही.

तुझा
प्रशिक


खापा
४ ऑगस्ट

चि. प्रशिक, जयभीम.

नदीले पाणी आलं होतं. इथं ऊन होतं, पाऊस तिकडं छिंदवाड्याच्या अंगानं झाला. पाणी बकऱ्यायच्या कोठ्यात शिरलं अन् दुसऱ्या दिवशी उतरलं. मी बरी आहो. बकरीची एक पाठ वाहून गेली. मिरचीचं रोप दबलं, पुन्हा टाकीन. पेटी कोरडी आहे. खांब सगळे उभे आहेत.

तू आपल्या कामावर राहा. मन लावून कर. चावीचं आता विचारू नको.

आत्या


कॅम्प
२४ ऑगस्ट

आत्या, जयभीम, जयभीम!

मी म्हटलं नव्हतं का? म्हटलं होतं का नाही, सांग! पेटी कोरडी, खांब उभे, अन् तू बरी. पाठीचं वाईट वाटलं, पण एक पाठ म्हणजे काहीच नाही. दुसरी घेऊ.

मी तुझं पत्र साहेबाले हिंदी करून सांगतलं. सोमवारी त्यानं मले सगळ्यायच्या समोर उभं केलं. म्हणे, "देखो, ये लडका आठवीं फेल है. इसने अपने घर का इमर्जन्सी प्लॅन खुद बनाया, और बाढ में इसकी बुआ बच गई." सगळ्या शिफ्टनं टाळ्या वाजवल्या आत्या. ओडिशाचे, झारखंडचे, सगळे. माझ्यासाठी आजपर्यंत कोणी टाळी वाजवली नव्हती. शाळेत तं मले फक्त उभंच करत. मी खाली पाहून हासत होतो, माझे कान गरम झाले होते.

आता साहेबाले फोटो पाहिजे. भिंतीवर लावतो म्हणते. प्रीतीजवळ चांगला मोबाइल आहे, तिले बोलावून बोर्डाचा, पेटीचा अन् फाटकाचा फोटो काढून घे, अन् दुकानातून धुऊन पाठव. फाटक नीट दिसलं पाहिजे. तिले म्हणजो, राग सोड आता. शेवटी तारेनं कोणाचं काही बिघडलं का?

तुझ्यासाठी इथून शाल घेऊन ठेवली आहे.

तुझा
प्रशिक


खापा
१२ सप्टेंबर

प्रशिक,

तुझ्या आत्यानं मले फोटो काढायले बोलावलं होतं. म्हणे, बोर्डाचा काढ, फाटकाकडे जाऊ नको. अन् दोन ओळी तूच लिही का सगळं ठीक आहे. मी हो म्हटलं. आता दुसरंच लिहून राहिली. हे तिले माहीत नाही.

त्या दिवशी दुपार होती. आम्ही जेवून राहिलो होतो. आईले दिसलं का डोंगा बांधायचा खुंटा पाण्यात गेला. खुंटा गेल्यावर किती वेळ राहते ते आमच्या लेकरायलेही कळते. आजीले बाजेसकट उचललं, कोंबड्या टोपल्यात टाकल्या अन् आम्ही तुमच्या वाटेनं चढलो. नाला आधीच भरला होता, अन् खरं सांगते, तो नसता भरला तरी पाय तिकडंच वळले असते. फाटकाजवळ गेल्यावर आठवलं का कुलूप आहे.

आमचं म्हणशीन तं आम्ही तारेच्या काठाकाठानं, चिखलातून, वर रस्त्याले लागलो असतो. लागलोही. पण तुझी आत्या कोठ्यात बाजेवर झोपली होती. फाटकातून तिचे पाय दिसत होते. आम्ही सगळे मिळून ओरडलो. आईनं पातेलं वाजवलं. मी ढेकळं फेकली, ती कोठ्यापर्यंत पोचेनात. तिले कुठं ऐकू येते?

तुले हे माहीत नाही, कारण पाणी येते तवा तू कुठं ना कुठं पळालेला राहते. दरवेळी आम्ही तुमच्या आंगणातून वर जातो, अन् जाताजाता कोणीतरी तिची बाज हालवते. बस, एवढंच. हे कोणी ठरवलं नाही, कोणाची ड्यूटी नाही. मी शाळेत होती तवा दोनदा मीच हालवली. ती उठते, शिव्या देते, बकऱ्या सोडते अन् आमच्यासंग चालू लागते.

यावेळी आंगणात जायले वाट नव्हती, अन् वरून फिरून यायले वेळ नव्हता. बाबा म्हणाले, "तुम्ही आजीले घेऊन व्हा पुढं." अन् ते तारेवर चढले. साठीचा माणूस. वरच्या तारेत उजवा हात फसला, पाय सटकला, अन् ते त्या हातावरच लटकले. मी परत फिरली तं ओरडले माझ्यावर. मग अंगाचं वजन टाकून त्यायनं हात ओढला अन् आत पडले. तसेच गेले अन् बाज हालवली. पाणी बाजेच्या पायाले लागलं होतं. आत्यानं डोळे उघडले, तं समोर रक्तानं भरलेला माणूस. तिनं आधी त्यायलेच काठी मारली. बाबा आता ते सांगून हासतात. आत्या नाही हासत.

बाबाले टाके पडले. दोन बोटं मिटत नाहीत. इथला डॉक्टर म्हणते, आतली नस तुटली, नागपूरले नेऊन ऑपरेशन केलं तं थोडंफार येईन. जाळं फेकता येत नाही. आता डोंग्यात मी जाते. बाबा मागं बसून शिकवते, अन् मले जमत नाही म्हणून चिडते.

पाणी उतरल्यावर आत्यानं सगळी तार आपल्या हातानं कापली. तीन दिवस लागले. आम्ही मदत करायले गेलो, तं तिनं कोणाले हात लावू देल्ला नाही. ती अजून आमच्या घरी येत नाही. डबा घेऊन येते, दारात ठेवते अन् मागं न पाहता जाते.

टाळ्या वाजवल्याचं तुझं पत्र तिनं मले फोटोसाठी दाखवलं. त्याच्याखाली जुलैचं पत्र होतं. मी तेही वाचलं, वाचायले नको होतं. मासोळ्या मारणाऱ्या लोकायले पाण्याची काय भीती, ते. बाबाले मी सांगतलं नाही. ते अजून लोकायले म्हणते, "पोट्ट्यानं आत्याच्या काळजीपायीच केलं, त्याच्या मनात खोट नव्हती."

तिनं तुले लपवलं, कारण तू काम टाकून येशीन. येऊ नको. इथं येऊन रडशीन, अन् मग बाबालेच तुले समजवत बसावं लागेन.

प्रीती


कॅम्प
५ ऑक्टोबर

आत्या,
जयभीम.

प्रीतीनं मले सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नको. तू लपवलं त्याचाही मले राग नाही. मीच तुले धमकी देऊन ठेवली होती, तं तू काय करशीन?

पत्र वाचलं त्याच दिवशी बॅग भरली. खाली जाणाऱ्या ट्रकमध्ये बसलोही होतो. मनात एकच होतं का खाप्याले उतरायचं अन् घरी न जाता आधी लहानूकाकाच्या पायावर पडायचं. मग आठवलं, प्रीती काय लिहिते ते. अन् मले दिसलं का खरंच तसंच होईन. मी रडीन, काका तोच हात माझ्या पाठीवर ठेवतीन अन् म्हणतीन, "जाऊ दे बाबू." मले हलकं वाटेन. त्यायची बोटं तशीच राहतीन. मी उतरलो ट्रकमधून. ड्रायव्हर शिव्या देत गेला.

सोमवारी साहेबानं मले पुन्हा उभं केलं. नवीन पोरं आली आहेत, त्यायले माझी गोष्ट सांगायची होती. म्हणे, "बताओ बेटा, फोटो आया क्या?" मी उभा राहिलो. मी ठरवून गेलो होतो का सांगून टाकायचं. माझ्या तारेनं एका माणसाचा हात गेला, अन् माझी आत्या जिवंत आहे ते त्या माणसामुळं आहे. तोंड उघडलं, अन् निघालं काय, तं "डाकघर में अटका है साब." अन् बसलो. पुन्हा टाळ्या वाजल्या. आत्या, डोंगर खचावा असं वाटलं. मी तिथं खाली पाहत बसलो तं माझ्या बाजूचा झारखंडचा पोट्टा म्हणे, "शरमाता क्यों है?" त्याले वाटलं मी लाजून राहिलो.

मंगळवारी मी साहेबाच्या खोलीत एकटाच गेलो अन् सांगतलं. सगळ्यायसमोर नाही जमलं, एवढी माझी हिंमत. साहेब म्हणे, "तूने पूछा नहीं था, कि बुआ को जगाता कौन है?" मी म्हटलं, नाही विचारलं. तिनं लिहिलं होतं, पण मी विचारलं नाही. उलट त्याची ड्यूटी किती ते किती, असं लिहिलं.

मासोळ्यांचं ते वाक्य मी लिहिलं तवा मले काहीच वाटलं नव्हतं, हे मले जास्त लागते. हासत लिहिलं होतं. चहा पीत. आता मी विचार करतो का धुऱ्यावर उभे राहून आज्याले अडवणारे ते लोक, त्यायलेही तवा काही वाटत नसेन. ते घरी जाऊन जेवत असतीन. त्यायच्याजवळही सातबारा होताच ना. मी कोणाच्या घरचा पोट्टा अन् कोणासारखा वागलो, हे मले कोणाले सांगताही येत नाही. तुले लिहितानाही मी हा कागद दोनदा फाडला.

तू तीन दिवस एकटीनं तार कापली. तुझ्या हातांचं काय झालं, ते प्रीतीनं लिहिलं नाही अन् मले विचारायले तोंड नाही.

आता मी तुले काही शिकवत नाही. असं कर, तसं कर, काही नाही. एकच विचारतो, जमलं तं पाहा. वाट एवढी रुंद करता येईन काय का चार माणसं बाज उचलून नीट चढतीन? आजीले असंच न्यावं लागते, हेही मले प्रीतीच्याच पत्रातून माहीत पडलं. कुठून रुंद करायची, मुरूम टाकायचा का दगड, ते लहानूकाकाले विचारून ठरवा. ते कधीपासून त्या वाटेनं चालतात. मिरचीच्या दोन ओळी गेल्या तं जाऊ दे.

अन् त्यायच्या घरी जात जा आत्या. डबा दारात ठेवून पळू नको. लाज माझी आहे, तू काहून घेऊन फिरते? मी आलो का माझी मी उचलीन. पण आता येत नाही. दिवाळीलेही येत नाही. सुट्टीचे पैसे वेगळे भेटतात, तेही लागतीन. हे काम मी सोडणार नाही. असं मी सुरतहूनही लिहिलं होतं, माहीत आहे. म्हणून भरवसा ठेव असं म्हणत नाही. नुसतं पाहत राहा.

लहानूकाकाच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवून राहिलो. तुझ्या खात्यात येतीन. त्यायले देताना मिरची विकली, बचत गटातून उचलले, असं काही सांगजो नको. तसं सांगतलं तं ते लवकर घेतीन, मले समजते, पण आता लपवालपवी नको. प्रशिकनं पाठवले अन् कशापायी पाठवले, ते तोंडानं सांग. जुलैच्या पत्रातलं वाक्यही सांग. ते वाक्य ऐकून त्यायनं पैसे फेकून देल्ले, तं उचलून ठेव अन् पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊन जा. ऑपरेशनले किती लागते ते प्रीतीले विचारून कळव. जास्त लागत असेन तं जास्तच सांग, कमी करून सांगू नको. सध्या मेसचं कापून हातात आले तेवढे सगळे पाठवतो, बारा हजार सहाशे रुपये.